पट्टी उजव्या गुडघ्याला

"मॅडम, दुसऱ्याचा गुडघा मोडायचा असेल तर नेमकं कुठं धरायचं?"

आधी सगळ्या हॉलनं माझ्याकडं वळून बघितलं. मग तीनशे पोरं एकदम हसली. मागच्या रांगेत मिस्बा आणि पूनम एकमेकींच्या खांद्यावर डोकं आपटत होत्या. पैज त्यांचीच होती. आरोग्य शिबिराला हाडांच्या डॉक्टर येणार, त्यांना सगळ्यांसमोर हाच प्रश्न विचारायचा. विचारला तर आठवडाभर माझं दप्तर मिस्बा उचलणार, नाही विचारला तर तिचं मी. सातवीत असते तर मुकाट उचललं असतं. पण आठवीत गेल्यापासून मला काय झालं होतं कोण जाणे, कुणाची भीतीच वाटेनाशी झाली होती. उंची वाढली होती, खांदे भरले होते, आणि कबड्डीच्या संघात उजवा कोपरा माझा झाला होता. कोपरा म्हणजे काय चेष्टा नव्हे. चढाईला आलेल्या पोरीचा पाय पहिल्यांदा धरायचा तो कोपऱ्यानं.

"कादंबरी! खाली बस!" हेडबाई ओरडल्या.

"थांबा बाई," डॉक्टर शहापूरकर मॅडम म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. "कबड्डी खेळतेस?"

"हो. उजवा कोपरा."

"ये वर."

आता आली का पंचाईत! वर गेले. त्यांनी मला टेबलावर बसवलं, ट्रॅक पँट गुडघ्याच्या वर सरकवायला लावली, फळ्याजवळचा खडू उचलला आणि माझ्या पायावर चित्र काढायला लागल्या. पोरं परत हसली. मी पण हसले, दुसरं काय करणार?

"हे मांडीचं हाड. ही खाली नडगी. ही पुढं वाटी, ती नुसती झाकणासारखी. सांधा आत आहे." मग त्यांनी वाटीवर खडूनं मोठी फुली मारली. "आत अशा दोन दोऱ्या आहेत, एकमेकींवरून आडव्या गेलेल्या. वरचं हाड खालच्या हाडाला त्यांनी बांधलंय. त्यांना लिगामेंट म्हणतात. पुढची दोरी धक्क्यानं तुटते त्यापेक्षा जास्त वेळा वळण्यानं तुटते. पाऊल जमिनीत रोवलेलं, अंगाचा भार त्याच पायावर, आणि गुडघा आत वळला. झालं."

आता पोरं पुढं वाकून बघत होती.

"मग चालता येत नाही?" मी विचारलं. हे पैजेत नव्हतं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"येतं की. हीच तर गंमत. महिनाभरात सूज उतरते. माणूस सरळ चालतो, सरळ पळतोसुद्धा. सगळ्यांना वाटतं, बरा झाला. पण त्या पायावर वळायला गेला की गुडघा दगा देतो. आणि पुन्हा वळला तर आतली कूर्चेची गादीही फाटते. मग मोठं ऑपरेशन, वर्ष दीड वर्ष."

"आणि दुसऱ्याला ओळखू येतं का? कुणाची तुटलीय ते?"

"बघणाऱ्याला येतं. तो त्या पायावर वळत नाही. त्या बाजूची मांडी बारीक झालेली असते." त्यांनी पँट पुन्हा गुडघ्याखाली सरकवली. "तू मोडायचं विचारलंस, मी जपायचं सांगितलं. कोपरा खेळतेस ना? घोटा धर. घोटा पुरतो. गुडघ्याच्या वाटेला जाऊ नकोस."

टाळ्या पडल्या. मिस्बानं आठवडाभर माझं दप्तर वाहिलं. ती खडूची फुली मी दोन दिवस पुसू दिली नाही, आंघोळीलासुद्धा पाय बाहेर काढून बसले.

---

आता नदीपल्याडच्या शाळेबद्दल सांगते. आमचं आणि त्यांचं कधी बिनसलं ते कुणालाच आठवत नाही, पण वैर पाळायचं सगळ्यांनी. त्यांनी आमच्या पाण्याच्या घागरीत माती टाकायची, आम्ही त्यांच्या चपला शेजारच्या उसात भिरकवायच्या. सरांना दोन्हीकडचं ठाऊक असायचं. सर काही बोलायचे नाहीत.

आणि त्यांची धनश्री नांदवडेकर. माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी, उंच, वेताच्या काठीसारखी. तालुक्यात तिच्यासारखी चढाई कुणाची नव्हती. मी सातवीत असताना संघात नुसती संख्या भरायला उभी होते. ती चढाईला आली, माझ्या दंडाला हात लावला, आणि मी जागची हललेसुद्धा नाही. परत जाताना ती पळाली नाही. चालत गेली. सावकाश. मध्यरेषा ओलांडून वळली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या पोत्याला रोज कोण उचलून आणतंय गं?"

तेव्हापासून मी पोतं. पल्याडच्या पोरींत तर होतेच, आमच्या वर्गातली पोरंही म्हणायला लागली. वर्षभर रोज पहाटे मी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या, त्या कशासाठी असं कुणी विचारलं असतं तर मी तब्येतीसाठी म्हटलं असतं. पण फेरी मारताना माझ्या डोळ्यांपुढं एकच चेहरा असायचा.

तालुक्याच्या फायनलला समोर तेच आले. त्या दिवशी मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकल्या होत्या आणि त्यांवर कोल्हापूरच्या निवासी केंद्रातले दोन साहेब बसले होते. तालुक्यातून एका मुलीला तिथं घेणार होते. राहणं, जेवण, शाळा, रोज दोन वेळा सराव. ती एक जागा धनश्रीची, हे आमच्या संघातल्या पोरीसुद्धा धरून चालल्या होत्या.

ती मैदानात उतरली तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्याला काळी पट्टी होती. रुंद, घट्ट बांधलेली.

आमचे हळदकर सर माझ्या कानाशी आले. "पट्टी बघितलीस का?"

"बघितली."

"मग झालं."

आमच्याकडं सगळ्याच संघांत असं चालतं. पट्टी दिसली की पकडी त्याच पायावर. स्पष्ट कुणी बोलत नाही. म्हणून शहाणी माणसं उलटं करतात. पूनमचा डावा घोटा मुरगळला होता तेव्हा हळदकर सरांनी स्वतः पट्टी तिच्या उजव्या घोट्याला बांधली होती. गंमत म्हणजे ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचते असं सरांना वाटायचं.

पहिल्या डावात धनश्रीनं सहा चढाया केल्या आणि पाच गुण नेले. माझ्यासमोर आली की ओठ वाकडा करायची. दम धरायच्या आधी एकदा हळूच म्हणाली, "पोत्या, हलतंस का यंदा तरी?"

मी तिचे पाय बघत होते.

उजव्या कोपऱ्याकडं येणारी पोर डावा पाय पुढं टाकते. तेच सोपं पडतं. धनश्री मात्र अंग आडवं करून उजवा पाय पुढं आणत होती, पट्टीचा. दुखरा पाय कुणी असा समोर आणून देतं का? आणि परत वळताना डाव्या पायावर गिरकी घेत नव्हती. तीन बारीक पावलं टाकून वळायची, अरुंद गल्लीत गाडी मागं-पुढं करून वळवतात तशी. गेल्या वर्षी ती भिंगरीसारखी फिरायची, मी विसरले नव्हते.

मग मी तिच्या मांड्या बघितल्या. डावी बारीक होती. थोडीच. पण होती.

मध्यंतरात सर तोंडावर थुंकी उडेपर्यंत ओरडत होते. "उजवा पाय हातात आणून देतीय ती आणि तुम्ही काय करताय? आरती ओवाळताय? कादंबरी, उजवा! पट्टीचा!"

"हो सर," मी म्हणाले.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. मिस्बालासुद्धा नाही.

शेवटची चढाई राहिली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते. धनश्री चढाईला आली. साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले. तिनं मिस्बाला हुलकावणी दिली, मध्ये शिरली, आणि माझ्याकडं वळून उजवा पाय लांब केला. बोटं माझ्या गुडघ्यापासून वीतभर. सगळा भार मागच्या, डाव्या पायावर. पाऊल मातीत रोवलेलं.

"उजवा!" सर ओरडले.

मी त्या पायाखालून सूर मारला आणि मागचा धरला.

आवाज आला. कोवळी भेंडी मोडतात तेवढाच. पण मी ऐकला, आणि तिनंही. तिचा कबड्डी कबड्डी मध्येच तुटला, आणि मग ती जे ओरडली ते मी अजून विसरलेले नाही. पंचांनी शिट्टी मारून आम्हाला गुण दिला. आमच्या पोरी माझ्या अंगावर पडल्या, पूनम माझे केस ओढत "कादे, कादे, कादे!" म्हणून नाचायला लागली.

बाहेरून धनश्रीची आई धावत आली. पदर कमरेला खोचलेला, पायात चप्पल नाही. तिनं धनश्रीचा पट्टीचा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली, लोकांना दाखवायला, की घाबरून, मला माहीत नाही.

"त्यो न्हवं आई!" धनश्री किंचाळली. "ह्यो! ह्यो!"

सगळं मैदान ऐकत होतं. खुर्चीवरच्या साहेबांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकानं वहीत काहीतरी खोडलं.

हळदकर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "डाव साधला बघ लेकी. उजवा सुटला तरी डावा घावला. नशीब लागतं!"

---

तिला न्यायला टेम्पो आला. फळीवर निजवून चढवताना तिनं मान वळवली आणि मला हाक मारली. "ए पोत्या. हिकडं ये."

मी गेले. जिंकलेलं माणूस जसं जातं तशी गेले, हात कमरेवर ठेवून.

तिचा गुडघा तेवढ्यातच नारळाएवढा झाला होता. चेहरा मातीनं भरलेला, गालांवरून दोन स्वच्छ रेघा खाली आलेल्या. तरी डोळे तेच, खालून बघत असूनही वरून बघितल्यासारखे.

"तुला कसं कळलं?"

"काय?"

"डाव्याचं. दोन म्हैनं झालं, घरात आई आणि संघात रेश्मी, ह्या दोघींबिगर कुणाला ठावं नव्हतं. पट्टी रेश्मीच बांधत होती." ती दम घ्यायला थांबली. "रेश्मीनंच सांगितलं न्हवं तुला?"

रेश्मा तिच्या मागंच उभी होती. त्यांच्या संघातली, बुटकी, दोन वेण्या. एका हातात धनश्रीच्या चपला धरल्या होत्या. ती माझ्याकडं बघत होती. नुसती मान हलवत होती, नाही, नाही, सांग तिला, नाही.

मला काय वाटलं खरं सांगू? मजा वाटली. धनश्री नांदवडेकर पहिल्यांदा मला काहीतरी विचारत होती आणि उत्तर माझ्या मुठीत होतं.

मी खांदे उडवले आणि चालायला लागले. त्या वेळच्या धनश्रीसारखीच. सावकाश.

मागून रेश्माचा आवाज आला, "धने, आईशप्पथ मी न्हाई..." आणि धनश्रीचा, "चपला टाक खाली. टाक म्हणते ना! हात लावू नकोस माझ्या वस्तूला."

---

आठ दिवसांनी शाळेत फोन आला. निवासी केंद्राची जागा मला मिळाली. हेडबाईंनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, ज्या बाई मला खाली बस म्हणून ओरडल्या होत्या त्यांनीच माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. पोतं म्हणणारी पोरं माझ्याशी बोलताना अहो-जाहो करायला लागली, चेष्टेनं का असेना.

मधल्या सुट्टीत मिस्बा डबा उघडत म्हणाली, "पल्याडचं कळलं का? माझी खाला तिथंच राहते ना. धनश्रीची दोरी आधीच तुटलेली, आता आतली गादी पण फाटली. ऑपरेशन सांगितलंय."

"हं."

"आणि त्या रेश्माला संघातून काढलं. पोरी तिच्याशेजारी बसत नाहीत. बाकावर कुणीतरी खडूनं फितूर लिहिलं म्हणे. ती दोन दिवस शाळेतच आली नाही." मिस्बानं घास तोंडात घातला. "पण कादे, तुला खरंच तिनं सांगितलं होतं? आम्हाला बोलली नाहीस ते?"

"नाही गं."

"मग?"

"मग काय? हातात आला तो धरला."

मिस्बा चावायची थांबली. तिसरी-चौथीपासून ओळखते ती मला. "कादे, मी शेजारी होते तुझ्या. उजवा तुझ्या नाकासमोर होता."

मी डबा बंद केला. भेंडीची भाजी होती.

त्या दिवशी घरी गेले तर अंगणात आप्पा पत्र्याच्या ट्रंकेवर रंगानं माझं नाव लिहीत बसले होते. आप्पा दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर. अक्षर मोठं सुंदर, गाडीच्या मागचं गणपतीचं नावही त्यांनीच लिहिलेलं. ट्रंकेवर 'कु. कादं' एवढं झालं होतं. आई उंबऱ्यात बसून माझ्या नव्या ट्रॅक पँटीला खालून दुमड घालत होती.

"आली बघा कोल्हापूरकरीण," आई म्हणाली. "चहा घे. आणि तिथं गेल्यावर दुधाला नाही म्हणायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"आप्पा, उद्या सकाळी तुमची गाडी पल्याड किती वाजता पोचते?"

"साडेसहा. का गं?"

"मी येणार आहे तुमच्याबरोबर."

"कशाला?"

"धनश्रीच्या घरी जायचंय."

आईची सुई थांबली. "बघायला जातीस? चांगलं आहे. पण त्यांना आवडंल का? जखम ताजी हाय. महिनाभरानं जा. केळी-बिळी घेऊन जाऊ आपण सगळी."

"बघायला नाही. सांगायला."

"काय सांगायला?" आप्पांनी ब्रश डब्यात ठेवला.

मी अंगणात मांडी घातली. मग मांडी मोडली, पाय लांब केला, आणि जिथं डॉक्टर मॅडमनी खडू लावला होता तिथं बोट ठेवलं. बोलायला सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

"डावा गुडघा मोडकाय हे मला पहिल्या डावातच कळलं होतं. रेश्मानं सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मीच बघितलं."

"मग?" आप्पा म्हणाले. "खेळात डोकं चालवलंस. त्यात काय चुकलं? पंचांनी गुण दिला की."

"आप्पा, मी आधी घोटाच धरला होता. दोन्ही हातांनी. ती अडकली होती. मिस्बा आली होती पाठीवर, पूनम पोचतच होती. गुण आपलाच होता. घोटा पुरला असता."

आई उठून उभी राहिली. ट्रॅक पँट मांडीवरून खाली पडली.

"मग मी हात वर सरकवला. गुडघ्यापर्यंत. आणि खांदा लावून वळवला."

बाहेर रस्त्यावरनं कुणाची तरी म्हैस गेली. तिच्या गळ्यातलं लोढणं खडखडत लांब गेलं.

"चुकून झालं असंल," आप्पा हळू म्हणाले. "धावपळीत कळत नाही माणसाला."

"मला कळत होतं."

"कादू, हे कुणाला बोललीस?" आईनं अंगणाच्या फाटकाकडं बघितलं. "कुणाला बोलू नकोस. पंच काही म्हणाले नाहीत, सर काही म्हणाले नाहीत, तू कशाला स्वतःहून... ती तरी कुठली साधी? वर्षभर तुला पोतं म्हणत होती ना? रडत यायचीस तू घरी. विसरलीस?"

"नाही विसरले. मला ती अजून आवडत नाही, आई. पाया-बिया नाही पडणार मी तिच्या."

"मग झालं तर!"

"पण रेश्माच्या बाकावर माझं नाव लिहायला पाहिजे होतं."

आप्पा ट्रंकेवरच्या ओल्या अक्षरांकडं बघत होते. 'कु. कादं.' रंगाचा एक ओघळ 'द'वरून खाली यायला लागला होता, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला. "ह्यांना कळलं, त्या केंद्रातल्या साहेबांना, तर जागा ठेवतील का तुझी?"

"माहीत नाही."

"आणि तिचे भाऊ आहेत दोन. दांडगी माणसं ती. आम्ही काय सांगायचं त्यांना?"

"तुम्ही काहीच सांगायचं नाही." माझा आवाज चढला, हॉलमध्ये चढला होता तसा, पण या वेळी मागच्या रांगेत कुणी हसत नव्हतं. "मी ठरवलंय. उद्या साडेसहाला मी रेश्माला तिच्या घरातनं बोलवून घेणार, तिला धनश्रीच्या दारात घेऊन जाणार आणि तिच्यासमोर सगळं बोलणार. घोट्यापासून. जागा गेली तर जाऊ दे. आप्पा, ट्रंकेवरचं नाव तोवर पुरं करू नका. आणि तुम्ही गाडीतच बसायचं. आत मी एकटी जाणार."